गुपिते हवी होती

मराठीत नाटकांची परीक्षणे येतात, कादंबऱ्यांची येतात, हल्ली मिसळीचीही येतात. पण यंत्रे जे लिहितात त्याचे परीक्षण कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक हे काम बी. कॉम. माणसाचे नव्हे. पण गेले तीन रविवार मी दुसरे काही वाचलेलेच नाही.

झाले असे, की आमच्या कन्येला शाळेच्या प्रदर्शनासाठी तुळशीच्या कुंडीतला ओलावा मोजायचा होता. त्यासाठी रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू नावाचा संगणक आणला. नाव हे एवढे आणि देह ६५ बाय ३० मिलिमीटरचा! आत लिनक्स. इंटरनेटची वायर लावायला त्याला जागाच नाही. जे काय व्हायचे ते वाय-फायवर, आणि नेमके तेच लागेना. शेवटी तो टीव्हीला जोडून आम्ही त्याचे म्हणणे वाचायला बसलो. सौ.ची मालिका बुडाली ती वेगळीच.

त्याचे पहिले म्हणणे असे, की वाय-फाय सध्या अडवून ठेवले आहे. वापरण्यापूर्वी देश ठरवा. आम्ही मूळचे कोकणातले. देशाची चौकशी आमच्याकडे फक्त लग्न जमवताना होते. पण रेडिओलहरींचे नियम देशादेशाप्रमाणे बदलतात. जपानने मान्य केलेला चौदावा चॅनेल आपल्याकडे चालत नाही. म्हणून ही चौकशी. यादीतून भारत निवडला आणि अडसर निघाला. दुखणे काय आणि औषध काय, दोन्ही दोन वाक्यांत. याला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

पुढे मात्र लेखकाची पकड सुटते. ‘या नावाचे नेटवर्क सापडले नाही.’ अहो, राउटर समोर लुकलुकतोय, माझा फोन त्याच नावावर चाललाय, आणि सापडले नाही? राउटर दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. झीरो डब्ल्यूला फक्त पहिली ऐकू येते, आणि आम्ही नाव दिले होते दुसरीचे. आजोबांनी कानातले यंत्र काढून ठेवावे आणि ‘बेल वाजलीच नाही’ म्हणावे, त्यातला प्रकार. ‘मला ऐकू येत नाही’ एवढे म्हणाला असता तर एक रविवार वाचला असता.

तिसरे वाक्य तर थेट नवकवितेतले. ‘गुपिते हवी होती, पण दिली गेली नाहीत.’ मी ते मोठ्याने वाचले.

“कसली गुपितं?” सौ. स्वयंपाकघरातून बाहेर.

गुपित म्हणजे पासवर्ड. तो मी दिला होता. फक्त एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडले होते. म्हणजे तो चुकला होता. ‘चुकला’ आणि ‘दिलाच नाही’ यांतला फरक कारकुनालाही कळतो.

तेवढ्यात कन्या म्हणाली, “बाबा, हे अगदी तुमच्या बँकेसारखं बोलतंय.”

मी हसलो. सोमवारी काउंटरवर एक आजी आल्या. तिसरी खेप. त्यांच्या आधीच्या दोन्ही स्लिपांवर मीच लाल शाईने लिहिले होते, ‘सही जुळत नाही.’ वाक्य शंभर टक्के खरे होते. पण वयाने हात थरथरतो, जुन्यासारखी सही आता होणार नाही आणि नमुना सही नव्याने देता येते, हे त्यात कुठेच नव्हते. आजी दोन वेळा घरी जाऊन तीच सही घोटून आल्या होत्या.

“आजी, बसा. फॉर्म मी भरतो, तुम्ही नवी सही द्या.”

सात मिनिटे लागली. मागची रांग कुरकुरली. ‘देश ठरवा’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याच्यापुढेही त्या दिवशी अशीच एखादी आजी बसलेली असावी.