संशयाचा हिशेब : लिडिया डेव्हिस यांची 'स्टोरी'

उत्तर-आधुनिक इंग्रजी लघुतम कथेविषयी आपल्याकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते. कथेत नक्की काय घडले, तेच कळत नाही. तक्रार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मार्गारेट अ‍ॅटवुड यांची 'हॅपी एंडिंग्ज' (१९८३) घ्या. जॉन आणि मेरी भेटतात. पुढे काय, याचे ए ते एफ असे सहा पर्याय लेखिका मांडते आणि अखेर सर्वांची एकच, मृत्यू. रचना चतुर आहे. पण कोणता पर्याय खरा याची काळजी कथेतल्या कोणालाच नाही. मग वाचकाने ती का करावी?

अमेरिकन लेखिका लिडिया डेव्हिस यांच्या 'ब्रेक इट डाउन' (१९८६) या संग्रहातील पहिली कथा 'स्टोरी' मात्र वेगळ्या जातीची आहे. जेमतेम काही पानांची. पात्रांना नावे नाहीत. प्रियकराचा निरोप येतो, की तो आज येणार नाही. ती वाट पाहते, रात्री नऊला त्याच्या घरी जाते. गाडी आहे, तो नाही. पुढे कळते, की तो जुन्या मैत्रिणीबरोबर चित्रपटाला गेला होता. कथानक म्हणून एवढेच. शासकीय सेवेत चौकशीचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. वेळ, स्थळ, जबाब यांची नोंद त्यांत अशीच कोरडी असते. फरक इतकाच, की तेथे शेवटी निष्कर्ष लिहावाच लागतो. येथे निवेदिका त्याचे बोलणे पुन:पुन्हा पडताळते आणि निष्कर्षाजवळ येऊन थांबते.

कथेचे मर्म अगदी अखेरीस आहे. तो आपल्याला कृतीत कितपत फसवू शकतो आणि नंतर ती कृती सांगताना कितपत फसवू शकतो, असे दोन प्रश्न ती वेगळे करते. आमच्या मते हा भेद फार मोलाचा आहे. त्यामुळे निवेदिका स्वत:च दुसऱ्याच्या कथेची वाचक ठरते. अनिश्चितता हा येथे लेखिकेने मांडलेला खेळ उरत नाही. एका स्त्रीला ती घेऊन उद्याचा दिवस काढायचा आहे. त्याच्या खोटेपणाचा पुरावा मिळाला असता तर तिची सुटकाच झाली असती!

ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्यास एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. आपल्या भाषेत 'म्हणे' हा सोयीचा शब्द आहे. 'तो चित्रपटाला गेला होता म्हणे' असे लिहिताच संशय उघडा पडतो आणि निवेदिकेने आधीच निकाल दिला, असे वाचकास वाटते. मुळात ती त्याचे म्हणणे सरळ, साध्या विधानांत नोंदवते आणि संशय हळूहळू दोन वाक्यांच्या मधल्या जागेत साचतो. मोह कितीही झाला तरी अनुवादकाने तो 'म्हणे' टाळावा.