'ओरिजिन'चा कोणता पाठ?

डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाचे स्वागत कसे झाले, असा प्रश्न निघाला की आपले अभ्यासक बहुधा 1860 मधील ऑक्सफर्डच्या हक्स्ले-विल्बरफोर्स वादाकडे वळतात. प्रसंग नाट्यपूर्ण खरा. परंतु तत्कालीन टीकेचे अधिक खोल ठसे ग्रंथाच्या पाठातच उमटले आहेत. 1859 च्या पहिल्या आवृत्तीच्या अखेरच्या वाक्यात 'निर्माता' नाही. 1860 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो अवतरतो. पुढे 1867 मध्ये फ्लीमिंग जेन्किनने आक्षेप घेतला, की एखाद्याच जीवात उद्भवलेला अनुकूल बदल इतरांशी होणाऱ्या संकरात पिढ्यान्‌पिढ्या विरून जाईल. हा आक्षेप डार्विनला मनापासून पटला. 1869 च्या पाचव्या आवृत्तीत त्याने अशा एकाकी बदलांचे महत्त्व कमी केले, आणि स्पेन्सरचा 'योग्यतमाचा टिकाव' हा शब्दप्रयोगही त्याच आवृत्तीत स्वीकारला. (आपल्याकडे त्याचा अर्थ 'बळी तो कान पिळी' असा करतात, तो निव्वळ विपर्यास होय.) 1872 च्या सहाव्या आवृत्तीत तर मुख्यतः मिव्हार्टच्या आक्षेपांना उत्तर देणारे एक प्रकरणच वाढले.

पुढे दीर्घकाळ पुनर्मुद्रित होत राहिली ती बहुधा हीच सहावी आवृत्ती. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांविषयी दक्ष असणारा आपला विद्यार्थी मात्र 1872 चे विधान 1859 च्या डार्विनच्या तोंडी निःशंकपणे घालतो. मग टीकाकाराला दिलेले उत्तरच मूळ सिद्धांत ठरते. मोर्स पेकहॅम यांनी सहाही आवृत्त्यांचे पाठभेद 1959 मध्येच एकत्र प्रसिद्ध केले असल्याने ही चूक क्षम्य मानता येत नाही.