घरघर पुरे झाली!

आपल्या युद्धकथांत विमान आले की ते बहुधा घरघरतच येते. कथा ब्रह्मदेशच्या रानातली असो की काश्मीरच्या खोऱ्यातली, विमान लढाऊ असो की ओझेवाहू, लेखकाच्या पोतडीत शब्द एकच! वास्तविक घरघर जात्याची, नाहीतर प्राण कंठाशी आलेल्या माणसाची. ऐन उमेदीतल्या यंत्राला ती का लावावी?

दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची विमाने एका सुरात बोलत नसत. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात सहा-सहा सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा. मिनिटाला 3000 फेरे घेताना त्यात सेकंदाला 300 स्फोट होतात. ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सलग, घुमणारा सूर होतो. डाकोटाची तऱ्हा निराळी. तिच्या प्रत्येक इंजिनाचे 14 सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे दोन वर्तुळांत मांडलेले, आवाज भरड. त्यात दोन इंजिनांचे फेरे तंतोतंत जुळले नाहीत, की तो लाटांसारखा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. शिकाऊ वैमानिकांच्या हार्वर्डची कर्कश किंकाळी तर मुख्यतः इंजिनाची नव्हेच. पंख्याच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाला भिडतात, तिची ती.

हा शब्दांचा कीस नव्हे. 27 ऑक्टोबर 1947 रोजी डाकोटा विमाने शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली. अशा वेळी खाली उभ्या असलेल्या माणसाला येणारे विमान आपले की परके, हे आधी कानाने ओळखावे लागते. त्याच्या पोटात गोळा येतो किंवा जीव भांड्यात पडतो, तो त्या आवाजाने. सरसकट घरघरीत ना भय आहे, ना दिलासा. मग कथेत उरले काय?

'आम्ही ती विमाने ऐकणार कुठे?' असे कोणी म्हणेल. त्याने आमच्या भिंगारकडे यावे. इथून जवळच 1994 साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्यातल्या सेंच्युरियन रणगाड्याचे मीटिअर इंजिन हे मर्लिनचेच भावंड. घडण तीच, फक्त उंचावरच्या विरळ हवेत लागणारा हवेचा दाबपंप काढलेला. आकाशात झेपावणारे यंत्र इथे सुमारे 50 टनांचे धूड ओढू लागले. 1971 साली बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्यात धारातीर्थी पडले, तो 'फामागुस्टा' सेंच्युरियनच. तोही नगरच्या लष्करी केंद्रात जपलेला आहे.

पण संग्रहालय लोखंड राखते. आवाज राखत नाही. 2018 साली दुरुस्त झालेली 'परशुराम' नावाची डाकोटा हवाई दलात दाखल झाली, तसे भाग्य थोड्यांचेच. ध्वनिमुद्रण आवाज राखील. तो ऐकून कोणाचे काळीज कसे हलले, हे मात्र लेखकानेच राखायचे आहे.

आणि त्यासाठी मराठी दरिद्री नाही. भुणभुणणे, घोंघावणे, धडधडणे, घुमणे, गडगडणे, सणसणणे हे शब्द आपल्या आज्यांनी भुंगे, वारा आणि पाऊस नीट ऐकून घडवले. जाते रिकामे फिरते की त्यात दाणे आहेत, हे त्या माजघरातून ओळखत. लेखकाने तेवढा कान उघडा ठेवला, तरी वाचक मान वर करून आभाळाकडे पाहील.