तहातील नाव आणि करारातील ‘उर्वरित’ : करंजा बेटाच्या निमित्ताने

राजकीय तह व करार यांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा लाभहानीच्या दृष्टीने केला जातो. कोणता मुलूख कोणाकडे गेला, खंडणी किती ठरली, कोणाची सरशी झाली, एवढे पाहिले की अभ्यासकाचे समाधान होते. त्या लेखांची शब्दरचना, म्हणजे कोणाचा उल्लेख कर्ता म्हणून आला, कोणाचा कर्म म्हणून आला आणि कोणाचा आलाच नाही, हा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात असे दोन लेख शेजारी ठेवून वाचावयाचे आहेत. पहिला १७८२ चा सालबाईचा तह; दुसरा १९५३ चा नागपूर करार. दोहोंची जात अगदी भिन्न आहे, हे मान्य करूनच ही तुलना केली आहे. तिचे निमित्त उरण हे गाव ज्यावर वसले आहे ते करंजा बेट होय.

१७७४ ची अखेर व १७७५ चा प्रारंभ या संधिकालात मुंबईकर इंग्रजांनी साष्टी घेतली व तिच्या पाठोपाठ करंजाही घेतले. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेच्या तहाने या कृत्याला मान्यता दिली. कलकत्त्याच्या कौन्सिलला तो तह नापसंत पडला. कर्नल अप्टन पुण्यास आला व १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यानंतर पुन्हा युद्ध पेटले आणि १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. वसईसारखी ठाणी या तहान्वये पेशव्यांना परत मिळाली. पण साष्टी, घारापुरी, करंजा आणि इंग्रज ज्यास हॉग म्हणत ते बेट, ही चारही बेटे कायमची कंपनीकडे राहिली. सात वर्षांत तीन तह झाले, त्यांनी एकमेकांस खोडून काढले, तरी बेट पहिल्या दिवशी ज्याच्या हाती पडले त्याच्याच हाती राहिले.

तहात करंजाचे नाव स्पष्टपणे येते. परंतु ते एका यादीतील जिन्नस म्हणून येते. तेथील आगरी, कोळी, मिठागरांवर राबणारे यांना कोणी विचारले नाही, याबद्दल अठराव्या शतकास दोष देणे अनैतिहासिक ठरेल. तशी कल्पनाच त्या काळच्या राजनीतीत नव्हती. पण याच तहात हैदरअलीसंबंधीचेही एक कलम आहे. जिंकलेला इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा मुलूख हैदर सोडील, अशी हमी त्यात पेशव्यांनी दिली. हैदराने तहावर सही केली नव्हती. डिसेंबर १७८२ मध्ये तो वारला आणि टिपूने मार्च १७८४ मधील मंगळूरच्या तहापर्यंत लढाई चालू ठेवली. नाव हैदराचेही आले आणि करंजाचेही आले. पण ज्याच्यापाशी फौज होती त्याला ते कलम झुगारून देता आले, बेटाला आले नाही. तहात नाव येणे आणि तहाचा पक्षकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतर १७१ वर्षांनी झालेला नागपूर करार हा जेत्याने लादलेला लेख नव्हे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी मुंबई राज्य, मध्य प्रदेश व हैदराबाद या तीन राज्यांतील मराठी पुढाऱ्यांनी तो आपसांत केला. सह्या करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख प्रभृती होते. नव्या घटकांना एका राजकीय संघात सामील करून घेण्याचा हा लेख आहे, असे म्हणावयास हरकत नाही. येणाऱ्यांनी अटी घातल्या. त्या रास्तही होत्या. महाविदर्भ, मराठवाडा आणि राज्याचा उर्वरित भाग असे तीन घटक मानावे. निधी, शिक्षणसंस्थांतील प्रवेश व नोकऱ्या यांत लोकसंख्येचे प्रमाण राखावे. मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. उच्च न्यायालयाचे एक पीठ व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन नागपुरास व्हावे, असे त्याचे स्वरूप आहे.

करार पाळला गेला नाही, अशी टीका पुष्कळ झाली आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. ‘उर्वरित’ हा शब्द वजाबाकीतला आहे. ज्यांनी अटी घातल्या ते वजा केल्यावर जे उरते त्यास हे नाव मिळाले. त्यात मुंबई शहर, देश, खानदेश आणि कोकण एकत्र बांधले गेले. यजमान सुस्थितीत आहे, त्याला मागणे नाही, असे येथे गृहीत धरले आहे. मुंबईपुरते ते खरे होते. पण मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर चुली पेटणाऱ्या रत्नागिरीपुरते ते खरे नव्हते. कोकणचा माणूस सहीस बसला होता की नाही, हा प्रश्न येथे उपस्थित केलेला नाही. लेखात कोकण हा शब्द कोणत्या स्थानी आहे, एवढाच प्रश्न आहे. आणि तो शब्द तेथे नाही.

युरोपातील एक दाखला येथे उद्बोधक ठरतो. जानेवारी १९७२ मध्ये ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क व नॉर्वे यांना युरोपीय समुदायात घेण्याचा तह झाला. नॉर्वेच्या जनतेने त्याच वर्षी सार्वमताने नकार दिला व तो देश बाहेर राहिला, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी स्मरणात राहते ते हे की, एप्रिल १९७२ मध्ये फ्रान्सने, म्हणजे आधीपासून आत असलेल्या सभासदाने, नव्यांना घ्यावे की नाही यावर आपल्या जनतेचा कौल घेतला. तेथे यजमानही नावानिशी पक्षकार होता. कोकण हे सार्वभौम राष्ट्र नव्हे, त्याची स्वतंत्र विधानसभाही नव्हती, ही तुलनेची मर्यादा उघड आहे. परंतु महाविदर्भ व मराठवाडा यांनाही त्या वेळी स्वतःच्या विधानसभा नव्हत्या. तरी त्यांची नावे लेखात आली.

हा शब्द लेखातच राहिला असता तर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये हीच त्रिविध विभागणी आली, आणि १९९४ मध्ये स्थापन झालेली विकास मंडळे तिच्यावरच उभी राहिली. (त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.) दरम्यान १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण येथील जमिनींचे संपादन सुरू झाले. मोबदल्याच्या प्रश्नावरून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मृत्यू पावली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे मोठे बंदर चालू झाले. विभागवार हिशेबात ते बंदर ‘उर्वरित’च्या रकान्यात जमा होते आणि ज्याची भातखाचरे व मिठागरे गेली तो शेतकरीही त्याच रकान्यात बसतो. बंदराने सरासरी वर जाते आणि त्या सरासरीने शेतकरी झाकला जातो.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हे एकक धरून अनुशेष मोजला, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याबरोबर ‘उर्वरित’ भागातही मोठा अनुशेष आढळला. एकक बदलताच हे दिसले. पण दहा वर्षांनी मंडळे स्थापताना पुन्हा तीनच नावे घेतली गेली. जिल्ह्याच्या आकड्यांत उरण रायगडात मिसळून जाते, तेव्हा तेही एकक पुरेसे नाही. तालुकावार मोजणी करून हे आकडे पुन्हा मांडण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाती घ्यावे, इतके ते मोठे आहे.