टेबलावरचा पुतळा, काउंटरवरचं रजिस्टर

गोव्यात पर्वरीला 'ओ कोकेरो' नावाचं रेस्टॉरंट आहे. एप्रिल 1986 मध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी तिथे चार्ल्स शोभराजला पकडलं. पुढे रेस्टॉरंटनं त्याच शोभराजचा पुतळा टेबलाशी बसवला. खुनी गिऱ्हाईकच जाहिरात होऊन बसलं.

चिन्मय मांडलेकर यांचा 'इन्स्पेक्टर झेंडे' (नेटफ्लिक्स, 2025) हे या पुतळ्याला दिलेलं उत्तर आहे असं मला वाटतं. मनोज बाजपेयींचा झेंडे हा संसारी, मध्यमवर्गीय पोलीस. जिम सार्भचा 'कार्ल भोजराज' म्हणजे नाव बदललेला शोभराज. त्याच्या ऐटीची चित्रपट थट्टा करतो. 'द सर्पंट' या 2021च्या मालिकेत खुन्याभोवती जी मोहिनी होती, तिला इथे टाचणी लागते. हे चांगलंच झालं.

पण एक प्रश्न या दोन्ही कलाकृती बाजूला ठेवतात. शोभराजची शिकार म्हणजे प्रवासी. 1976 साली दिल्लीच्या विक्रम हॉटेलात त्यानं फ्रेंच विद्यार्थ्यांच्या गटाला गुंगीच्या गोळ्या दिल्या आणि तिथेच तो सापडला. एका छपराखाली उतरलेली अनोळखी माणसं एकमेकांवर चटकन विश्वास टाकतात. त्याचा धंदा त्या विश्वासावर चालत होता. तरी आपल्या गुन्हेकथांमध्ये हॉटेल म्हणजे नुसता सेट. एका पाहुण्यानं दुसऱ्या पाहुण्यावर हात टाकला तर हॉटेलवाल्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

कायद्याचं साधं उत्तर असं: गुन्हा करणारा तो गुन्हेगार. हॉटेलकडून भरपाई हवी असेल, तर धोका आधी दिसण्यासारखा होता का आणि दिसत असताना वाजवी काळजी घेतली का, हे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सिद्ध कुणी करायचं? 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून एक मारुती झेन चोरीला गेली. हॉटेलच्या माणसानंच ती पार्क केली होती. रखवालदाराच्या सांगण्यानुसार, दुसऱ्या गाडीतून आलेली तीन पोरं हॉटेलात जाऊन आली आणि निघताना त्यांतल्या एकानं डेस्कवरची किल्ली उचलली. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलला जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतलीत, तर आपण निष्काळजी नव्हतो हे तुम्ही दाखवा. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापलं म्हणून सुटका नाही.

गाडीच्या बाबतीत सिद्ध करण्याचं ओझं हॉटेलवर आलं. खोलीत झोपलेल्या माणसाच्या अंगाला इजा झाली, तर मात्र हॉटेलचा निष्काळजीपणा सर्वसाधारणपणे जखमीनंच सिद्ध करायचा. किल्ली काउंटरवर दिलेली गाडी आणि कडी लावून झोपलेली बाई, यांत जास्त भक्कम दावा गाडीचा!

याचा पाचगणीशी संबंध काय? शनिवारी पसरणी घाट चढून पुण्या-मुंबईची गर्दी येते. हॉटेलं भरली की बंगले भाड्यानं जातात. काउंटरवर आधारची झेरॉक्स द्यायची, रजिस्टरात सही करायची आणि सुरक्षित झालो असं समजायचं. पण रजिस्टर उपयोगी पडतं ते नंतर, पोलीस आल्यावर. रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीतून किंकाळी आली, तर त्या झेरॉक्सचा काय उपयोग? त्या वेळी काउंटरवर कुणी जागं असावं लागतं, दाराची कडी धड असावी लागते, आणि दारू पिऊन दारं ठोठावणाऱ्या पाहुण्याला बाहेर काढायची हिंमत मालकात असावी लागते.

यावर कुणी म्हणेल, मग हॉटेलवाल्यांवर सगळीच जबाबदारी टाका. मला त्याचीही भीती वाटते, कारण संशय कुणावर घेतला जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. एकत्र आलेल्या मुलामुलीची आडनावं जुळत नाहीत, म्हणून खोली नाकारतात. 2019च्याच डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं, की अविवाहित जोडप्यानं हॉटेलात राहू नये असा कायदाच नाही. तरी 'लग्न झालंय का?' हे सुरक्षेच्या नावाखाली विचारलं जातं. ज्याच्यापासून खरा धोका असतो, तो बहुतेकदा नीट कपड्यांत, सगळी कागदपत्रं घेऊन येतो. शोभराज तर साहेबी थाटातच वावरायचा.

म्हणून 'इन्स्पेक्टर झेंडे' आवडूनही तो मला अर्धा वाटतो. खुन्याचा तोरा त्यानं उतरवला, पोलिसाला त्याचा मान दिला. रात्रपाळीला काउंटरवर बसलेला पोरगा मात्र अजून कुठल्याच गोष्टीत नीट आलेला नाही. तुटपुंज्या पगारावर, एकट्यानं, काय ऐकू आलं तर काय करायचं हे कुणी न शिकवता तो तिथे बसलेला असतो. त्याला केंद्रात ठेवून कुणी पाचगणीतल्या एका रात्रीची गोष्ट लिहिली, तर मालकाची जबाबदारी म्हणजे काय हे त्यातून आपोआप कळेल.