रंग आतून

रिमोटच्या मोटारींच्या शर्यतीत रूपाला विचारतो कोण, असं म्हणणाऱ्यांनी जरा जमेची बाजूही बघावी. इथं चालक गाडीत बसत नाही. दूर मचाणावर उभा राहतो. घोळक्यात स्वतःची गाडी ओळखायची ती रंगावरूनच! नाहीतर डोळे दुसऱ्याच्या गाडीवर आणि आपली कुंपणात. शिवाय पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला रंग देतात आतून. टकरा बाहेर, रंग शाबूत. माणसांचं बहुधा उलट असतं.

तक्रार एकच. तामियाची १९७६ सालची पोर्शे ९३४ पोर्शेसारखी दिसे. हल्लीच्या बऱ्याच बॉड्या वाऱ्याच्या हिशेबानं इतक्या चपट्या, की दिव्यांचे स्टिकर काढले तर मोटार की चप्पल, कळू नये. शर्यत वेगानं जिंकावी, कबूल. पण पोरं थांबून बघतात ते रूपच ना!