सत्तर रुपयांचा हिशोब

कुठल्याही मराठी मित्रांच्या ग्रुपवर 'माझे पैसे कधी देतोस?' एवढं लिहून बघा. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी ते पैसे 'वारले' म्हणून कळवणार, आणि तिसऱ्या मिनिटाला आणखी कुणीतरी इस्राईलच्या औषधाची चौकशी करणार. पैसे मिळणार नाहीत, पण कुणाला रागही येणार नाही. कुणी नवीन फ्लॅटवर राहायला गेलं की दारात उभं राहून धनंजय मानेंचा पत्ता विचारायचा, कुणी पिवळट साडी नेसून आली की रंगाचं नाव 'लिंबू' हेच घ्यायचं, हेही ठरलेलं. यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

'अशी ही बनवाबनवी' प्रदर्शित झाला १९८८ साली. तो सगळ्यात जास्त बोलतो कोण? तर ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते. म्हणजे आपण. आपल्यापैकी फार थोड्यांनी हा सिनेमा थिएटरात पाहिलाय. आपल्याला तो टीव्हीने दिला. सह्याद्रीवर, मग २००७ पासून झी टॉकीजवर, सुट्टीच्या दुपारी, जेवणाच्या ताटासमोर, मध्ये पावडरच्या आणि फेविकॉलच्या जाहिराती. सुरुवात कधीच सापडायची नाही. टीव्ही लावला की कधी सरपोतदार चिडलेले असायचे, कधी पार्वतीचा पदर सांभाळणं चाललेलं असायचं. जिथून लागेल तिथून बघायचं आणि लाइट गेली की उठायचं.

हे लक्षात घेतलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. हा सिनेमा आपल्या डोक्यात गोष्ट म्हणून साठवलेलाच नाही. तो तुकड्यांनी साठवलाय. मीम आणि रील नंतर आले, पण सिनेमाचे तुकडे करायचं काम टीव्हीने आधीच करून ठेवलं होतं. त्याच काळात टीव्हीवर इतरही शेकडो सिनेमे तुकड्यांत लागले. ते का नाही टिकले? त्याचं उत्तर मला लेखनात सापडतं.

या सिनेमाचे लेखक वसंत सबनीस. 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ साली रंगभूमीवर आलेलं आणि दादा कोंडक्यांना घराघरात नेणारं लोकनाट्य त्यांचंच. 'सोंगाड्या'ही त्यांचाच. म्हणजे हा माणूस तमाशाच्या बतावणीतून आलेला. बतावणीत एक जण सरळ, भाबडा प्रश्न टाकतो आणि दुसरा त्या प्रश्नाचे पाय ओढतो. विनोद एका तोंडात मावत नाही, त्याला दोन तोंडं लागतात. एकट्याने बोलून दाखवायचा टाळीचा डायलॉग आणि बतावणीतलं वाक्य यांत हा फरक आहे. टाळीच्या डायलॉगला समोर प्रेक्षक लागतो, बतावणीतल्या वाक्याला समोर जोडीदार. म्हणून 'बनवाबनवी'चे तुकडे गप्पांत इतके चालतात. एकाने अर्धं टाकलं की उरलेलं अर्धं दुसऱ्याकडे तयार असतं. दोघांनाही आपण काहीतरी केल्याचं समाधान.

सत्तर रुपयांचाच प्रसंग घ्या. घरमालक विश्वास सरपोतदार यांना मधुमेह आहे. भाडेकरू धनंजय मानेने त्यांच्याकडून औषधासाठी पैसे घेतलेत, इस्राईलमधला मित्र पाठवणार म्हणून. आता तो मित्र वारल्याचं तो सांगतो. सरपोतदार क्षणभर हळहळतात आणि मग हिशोबी माणसाला सुचणारा प्रश्न विचारतात. उत्तर म्हणून धनंजय काही नवीन थाप मारत नाही. मित्रासाठी वापरलेलं क्रियापद तो तसंच उचलून पैशांना लावतो, बस. 'वारणे' हे मराठीत अदबीचं क्रियापद आहे. ते आपण वडीलधाऱ्यांसाठी, ओळखीच्यांसाठी, दोन मिनिटं गप्प बसायच्या वेळी वापरतो. ते रुपयांना लागलं की रुपयांनाही सुतक येतं, आणि सुतकात हिशोब मागायचा नसतो! सरपोतदारांची बोलती बंद होते ती यामुळे. अशोक सराफ हे इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणतात की आपण विनोद ऐकलाय की बातमी, हे कळायला अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदाचीच नक्कल आपण ३०-३५ वर्षं करतोय.

दुसरं उदाहरण 'हा माझा बायको' या घसरणीचं. लीलाबाई काळभोर लग्न झालेल्या जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून परशुरामची पार्वती झाली आणि सुधीरची सुधा. ओळख करून देताना धनंजयची जीभ घसरते. गंमत बघा, या सिनेमाचं मूळ आहे शैलेश डे यांच्या बंगाली कथेत. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत 'बीवी और मकान' केला आणि त्यावरून मराठीत 'बनवाबनवी'. बंगालीत 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे आणि क्रियापदाला लिंग नाही. तिथे पुरुषाने बाईचं सोंग घेतलं तर साडी आणि आवाज सांभाळला की भागतं. मराठीत वाक्यातला प्रत्येक शब्द पोलिसासारखा उभा. हा की ही, माझा की माझी, आला की आली. एका ओळखीच्या वाक्यात दोन वेळा पकडले जायची सोय. आमच्या धंद्यात याला टाइप एरर म्हणतात, कंपायलर तिथेच थांबवतो. लीलाबाईंचा कंपायलर मात्र दयाळू आहे. मूळ कल्पना बंगाली असली तरी हा विनोद मराठी व्याकरणाच्या पोटातून आलाय, आणि म्हणूनच तो आपला वाटतो.

इथपर्यंत सगळं कौतुकच झालं. आता अडचणीकडे येतो.

या सिनेमाचा विषय काय, असं या पंक्ती उठताबसता वापरणाऱ्या कुणालाही विचारा. 'मैत्री', 'कॉमेडी', 'चार मित्रांची धमाल', अशी उत्तरं येतील. विषय आहे घर. पुण्यात डोक्यावर छप्पर न मिळणं. सरपोतदार बाहेर काढतात. धाकटा भाऊ शंतनू शिकतोय, कोल्हापूरहून आलेल्या दोघांना धड काम नाही, धनंजयची दुकानातली नोकरी, आणि शहरात 'लग्न झालेलं असेल तरच' अशी पाटी. साडी नेसणं ही हौस नाही, भाडेकराराची अट आहे. विनोद काढून टाकला तर खाली उरते ती चार तरुणांची बरीच दीनवाणी अवस्था.

ती अवस्था संपलीय का? हिंजवडीला नोकरीला लागलेल्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला विचारा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, ब्रोकरेज, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'ओन्ली फॅमिली'. रात्री दहानंतर पाहुणे नकोत, मुलाच्या फ्लॅटवर मुलगी नको, मुलीच्या फ्लॅटवर तर कुणीच नको. घर शोधणारे दमून ग्रुपवर लिहितात आणि ग्रुप त्यांना सरपोतदारांचा फोटो पाठवतो. यात वाईट काही नाही. किंबहुना ही थट्टा कामाची आहे. 'मला राहायला जागा नाही आणि भीती वाटतेय' हे वाक्य मित्रांना लिहायला जड जातं, 'आता साडी नेसावी लागणार' हे सहज लिहिता येतं. समोरच्याला दोन्हीचा अर्थ कळतो. जुन्या सिनेमाने आपल्याला तक्रार करायची एक सभ्य भाषा दिली.

पण ही भाषा सगळ्या तक्रारींना पुरत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला फोनवर फ्लॅट नक्की झाला होता. भाडं ठरलं, किल्ली कधी घ्यायची ते ठरलं. कागदपत्रांसाठी आडनाव सांगितलं आणि संध्याकाळी निरोप आला की मालकांचा भाचा राहायला येतोय. महिन्यात तिसऱ्यांदा हेच. त्याने हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा सवयीने दोघा-तिघांनी नेहमीचे फोटो टाकले. तो काही बोलला नाही. नंतर भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, 'त्यांना साडी नेसून घर मिळालं. मी काय नेसू?'

या प्रश्नाला 'बनवाबनवी'त उत्तर नाही. माने घर का मिळत नाही, तर तो अविवाहित आहे म्हणून. ती अट सोंगाने ओलांडता येते, कारण अविवाहित असणं हा तात्पुरता दोष आहे, उद्या लग्न झालं की गेला. आडनावाचा, धर्माचा तसा नसतो. या सिनेमाची सगळी मजा एका गृहीतकावर उभी आहे: दार बंद असलं तरी ते थापेने उघडतं आणि आतली माणसं शेवटी मायाळू निघतात. १९८८च्या कौटुंबिक विनोदी सिनेमाकडून याहून जास्त मागावं असं मी म्हणणार नाही. सिनेमाला त्याच्या हद्दीत बघावं. पण आपण ती पंक्ती कुठे वापरतोय हे बघणं आपलं काम आहे. सिनेमा जे दार बघत नाही, त्या दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच सिनेमातलं वाक्य ऐकवलं तर ती थट्टा राहत नाही. ते त्याचं बोलणं मध्येच तोडणं होतं.

तुकड्यांत बघण्याचा दुसरा तोटा म्हणजे माणसं सपाट होतात. मीममधले सरपोतदार म्हणजे खडूस घरमालक, बास. पूर्ण सिनेमा सलग लावून बघा. हा आजारी माणूस आहे. औषधाच्या आशेने त्याने भाडेकरूच्या हातात पैसे दिलेत. म्हणजे ज्या विनोदावर आपण सगळ्यात जास्त हसतो, त्यात फसलेला माणूस मालक असला तरी रुग्णही आहे. सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर ते दोन्ही दिसतं, आधी आशा मावळते आणि मग पैशांची आठवण येते. हा क्रम त्यांनी इतका नेमका ठेवलाय की आपण हसतो आणि त्यांच्याबद्दल जरा वाईटही वाटतं. स्टिकरमध्ये त्यातलं निम्मं गळून जातं. तेच माधुरीचं. अश्विनी भावेंची माधुरी त्या दुकानाची मालकीण आहे, धनंजयला पगार तिच्याकडून मिळतो. सगळ्या सिनेमात पैशाने आणि अधिकाराने तीच भक्कम. आपल्या गप्पांत मात्र तिची फक्त साडी उरली, तीही रंगापुरती.

लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ साली गेले. सुधीर जोशी, नयनतारा, विजू खोटेही आता नाहीत. टीव्हीसमोर घरातली सगळी माणसं एकच सिनेमा बघतायत, हे दृश्यही कमी होत चाललंय. प्रत्येकाच्या हातात वेगळा स्क्रीन, प्रत्येकाला वेगळा विनोद. आणखी २० वर्षांनी मित्रांच्या ग्रुपवर अर्धं वाक्य टाकून उरलेलं अर्धं परत येईल अशी सामायिक शिदोरी उरेल की नाही, सांगता येत नाही. जुन्या सिनेमाच्या चाहत्यांनी हा साठा जपलाय, त्याबद्दल मला त्यांचं अप्रूपच आहे. मीही त्यातलाच.

फक्त सबनिसांनी ही वाक्यं दोन तोंडांसाठी लिहिली होती, हे विसरू नये. बतावणीत दुसऱ्याला उत्तर द्यायला जागा असते. तुमच्या पंक्तीनंतर समोरच्याने उरलेलं अर्धं परत फेकलं, तर ती गप्पा आहे. तो गप्प झाला तर स्टिकरचा डबा बंद करून आधी विचारावं, काय झालं, आणि घर शोधायला त्याच्यासोबत जावं. आडनाव सांगायची वेळ येते तेव्हा शेजारी कुणी उभं असलेलं बरं असतं.